जुना ट्यूब नकाशा पुन्हा काढताना रेषा शेवटी जुळत नाहीत? या क्रमाने तपासा

हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने काढलेला लंडन अंडरग्राउंडचा (ट्यूबचा, म्हणजे भुयारी रेल्वेचा) १९३३ चा नकाशा संगणकावर नव्याने काढायची हौस बऱ्याच जणांना असते. नकाशा दिसतोही सोपा: आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांतल्या तिरक्या रेषा, मोजके रंग, खालून जाणारी थेम्स. स्कॅन खालच्या लेयरवर ठेवायचा आणि वरून रेषा ओढायच्या. अर्धा नकाशा होईपर्यंत सगळं सुरळीत चालतं, मग काहीतरी बिनसतं आणि फाइल माझ्याकडे येते. अशा फायली इतक्या वेळा दुरुस्त केल्या आहेत की हल्ली उघडायच्या आधीच अंदाज येतो. तेव्हा एकदाच सगळं लिहून ठेवतो. मी इंकस्केप हे रेषाचित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरतो, कारण ते फुकट आहे. इलस्ट्रेटरवाल्यांना मेनूची नावं वेगळी दिसतील, दुखणं तेच असतं.

लक्षणं

- डावीकडून सुरुवात केली तर डावी बाजू स्कॅनवर अचूक बसते, उजवीकडे पोचेपर्यंत रेषा एक-दोन मिलिमीटर सरकलेली असते.
- कंट्रोल दाबून ४५ अंशांची रेषा ओढली तर ती स्कॅनमधल्या रेषेवर बसत नाही. स्कॅनवर बसवली तर कोन ४४.३ वगैरे येतो.
- आडवी आणि तिरकी रेषा जिथे मिळायला हवी तिथे केसभर पायरी दिसते. झूम केल्यावरच दिसते, पण प्रिंटमध्ये हमखास उमटते.
- शेजारून धावणाऱ्या दोन रेषांमधलं अंतर सरळ भागात ठीक असतं, तिरक्या भागात त्या एकमेकींना चिकटतात.
- इनर सर्कल (मध्य लंडनभोवती फेरा घेणारा मार्ग) पूर्ण फिरून आल्यावर सुरुवातीच्या टोकाला मिळत नाही.

यातलं एकही लक्षण दिसलं की हात शिवशिवतात आणि माणूस शेवटचा नोड (रेषेवरचा ओढता येणारा बिंदू) ओढून रेषा जुळवतो. ते करू नका. चूक बहुतेक वेळा शेवटच्या रेषेत नसते. ती सेटिंगमध्ये, स्कॅनमध्ये किंवा कागदात असते, शेवटच्या रेषेत फक्त दिसते. एक नोड ओढलात की त्याच्या शेजारच्या स्टेशनाची खूण हलते, मग नाव हलतं, आणि मूळ चूक कुठे होती ते शोधायला खुणाच उरत नाहीत. आधी फाइलची प्रत काढा आणि मग खालच्या क्रमाने जा.

१. सेटिंग (फुकट, दोन मिनिटं)

प्रेफरन्सेसमध्ये 'टूल्स' उघडा. बाउंडिंग बॉक्स (आकृतीभोवतीची चौकट) 'व्हिज्युअल' आहे की 'जिओमेट्रिक' ते बघा. मूळ सेटिंग व्हिज्युअल असतं, म्हणजे वरच्या पट्टीत दिसणारे एक्स-वाय आकडे रेषेची जाडी धरून येतात. पायरीचं लक्षण निम्म्या वेळा इथूनच येतं.

रेषा २ मि.मी. जाड आणि टोकं सपाट आहेत असं धरा. आडव्या रेषेची चौकट वर-खाली प्रत्येकी १ मि.मी. वाढते. ४५ अंशांतल्या रेषेची चौकट चारही बाजूंना सुमारे ०.७ मि.मी. वाढते. तुम्ही दोन्ही रेषांना आकडे टाइप करून 'एकाच' बिंदूवर आणलंत, तरी त्यांचे खरे मध्य ०.३ मि.मी. ने चुकतात. हीच ती केसभर पायरी. जिओमेट्रिक केलं की आकडे रेषेच्या मध्याचे मिळतात आणि गणित जुळायला लागतं.

तिथेच 'बिहेवियर'मध्ये 'ट्रान्सफॉर्म्स' बघा. 'स्केल स्ट्रोक विड्थ' चालू असेल तर एखादा भाग लहान-मोठा करताना रेषेची जाडीही बदलते. मग एकाच मार्गाच्या पूर्वेकडच्या तुकड्याची जाडी २, पश्चिमेकडच्याची १.९४. नकाशा काढताना हे बंद ठेवा. पूर्ण झालेला नकाशा पोस्टरच्या मापाला मोठा करताना मात्र आठवणीने चालू करा, नाहीतर मोठ्या पोस्टरवर दोऱ्यासारख्या रेषा येतील.

कोनांचं स्नॅप (कंट्रोल दाबल्यावर रेषा ज्या टप्प्यांना चिकटते ते) मुळात १५ अंशांचं असतं, ते तसंच असू द्या, त्यात ४५ येतोच. कुणी तरी ते १० केलेलं असतं आणि मग कंट्रोल दाबूनही ४५ मिळत नाही.

२. स्कॅन हलला किंवा ताणला गेला आहे का

स्कॅनच्या लेयरला कुलूप लावलेलं नसेल तर तो कधीतरी हललेलाच असतो. ओढताना कंट्रोल न दाबता कडेचा हँडल धरला गेला असेल तर तो एकाच दिशेने ताणलाही गेला असेल. तपासणी सोपी आहे. मूळ चित्र किती पिक्सेलचं आहे ते बघा, समजा ३६०० बाय २४००. गुणोत्तर १.५. आता इंकस्केपमध्ये त्याच चित्राची रुंदी भागिले उंची करा. १.५ आलं नाही तर पुढचं काही वाचायची गरज नाही. चित्र काढून टाका, नव्याने आणा, कुलूप लावा.

३. आवृत्ती एकच आहे का

ही तपासणी फुकट आहे, पण लोक हिच्याकडे बघतच नाहीत. नेटवर '१९३३ चा बेकचा नकाशा' म्हणून जे फिरतं त्यातलं बरंचसं १९३३ चं नसतं. एक स्कॅन धूसर म्हणून अर्ध्यावर दुसरा घेतला जातो, आणि दोन वेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या एकमेकींवर बसवायचा प्रयत्न चालतो. बेक हा नकाशा वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा काढत राहिला, त्यामुळे त्या बसणार नाहीतच.

ओळखायच्या खुणा: जानेवारी १९३३ च्या पहिल्या खिशातल्या नकाशात सेंट्रल लंडन हा मार्ग नारिंगी आणि बेकरलू हा मार्ग लाल आहे. १९३४ पासून सेंट्रल लाल झाली आणि बेकरलू तपकिरी. ब्रिटिश म्युझियम हे स्टेशन सप्टेंबर १९३३ मध्ये बंद झालं. डोव्हर स्ट्रीटचं ग्रीन पार्क त्याच महिन्यात झालं. पोस्ट ऑफिस स्टेशनाला सेंट पॉल्स हे नाव १९३७ मध्ये मिळालं, आणि नॉर्दर्न लाइन हे नावही त्याच वर्षीचं. मार्क लेनचं टॉवर हिल १९४६ मध्ये झालं. सर्कल लाइन स्वतंत्र पिवळ्या रंगात दिसत असेल तर नकाशा १९४९ किंवा नंतरचा.

याचा कोनांशीही संबंध आहे. १९४० च्या आवृत्तीत बेकने ४५ ऐवजी ६० अंशांच्या तिरक्या रेषा करून बघितल्या होत्या. तो स्कॅन हातात असेल आणि तुम्ही ४५ चा ग्रिड लावून बसला असाल तर जन्मात जुळायचं नाही. बेकच्या नकाशाच्या जागी आलेला १९६० चा हॅरल्ड हचिसनचा नकाशा असेल तर वळणं गोल नाहीत, टोकदार आहेत. तिथे वळणाची त्रिज्या शोधत बसू नका. (तो नकाशा अनेकांना कुरूप वाटतो. मला काढायला मजा येते, कारण वळणांची कटकटच नाही.)

४. शेजारच्या रेषा: कॉपी करून सरकवल्या आहेत का

इथे थोडा वेळ काढा, कारण चिकटणाऱ्या रेषांचं कारण जवळजवळ नेहमी हेच निघतं. हॅमरस्मिथच्या पश्चिमेला डिस्ट्रिक्ट मार्गाची हिरवी आणि पिकॅडिली मार्गाची निळी रेषा शेजारून जातात. बहुतेक जण हिरवी रेषा काढतात, तिची प्रत करतात, रंग बदलतात आणि ३ मि.मी. खाली सरकवतात. आडव्या भागात अंतर ३ मि.मी. येतं. पण तशीच जोडी जिथे ४५ अंशांत वळते तिथे रेषांमधलं खरं, म्हणजे काटकोनात मोजलेलं अंतर ३ गुणिले ०.७०७, म्हणजे २.१ च राहतं. रेषांची जाडी २ असेल तर मधली पांढरी फट १ मि.मी. वरून ०.१ वर येते. छपाईत शाई थोडी पसरली की फट गेलीच.

उपाय असा. दुसऱ्या रेषेचा वळणाचा बिंदू नुसता खाली नेऊन चालत नाही, तो आडवाही सरकवावा लागतो. ४५ अंशांच्या वळणासाठी किती? अंतराच्या ०.४१४ पट. ३ मि.मी. अंतर असेल तर १.२४ मि.मी. कुठल्या बाजूला ते वळण कुणीकडे आहे त्यावर ठरतं: सरकवून बघा, ज्या बाजूने तिरक्या भागातलं अंतर वाढेल ती बाजू बरोबर. ९० अंशांचं वळण असेल तर पूर्ण ३ मि.मी.

मग गोलाई. आतल्या रेषेची त्रिज्या ६ असेल तर बाहेरच्या रेषेची ६ अधिक ३, म्हणजे ९ हवी. दोन्हींना ६ दिलंत की वळणाच्या पोटात फट फुगते. 'कॉर्नर्स' हा पाथ इफेक्ट वापरत असाल तर तो त्रिज्येने मोजतोय की कोपऱ्यापासूनच्या अंतराने, ते आधी बघा. ४५ अंशांच्या वळणात हे दोन आकडे वेगळे असतात: ६ त्रिज्येची गोलाई कोपऱ्यापासून २.४९ वर सुरू होते. ९० अंशांच्या वळणात मात्र दोन्ही ६ च असतात. त्यामुळे एकच आकडा सगळीकडे ठोकला तर काही वळणं गुबगुबीत आणि काही टोकदार दिसतात, आणि कारण कळत नाही.

५. स्कॅनची ४५ अंशांची कसोटी

इथवर सगळं ठीक असेल तर दोष स्कॅनमध्ये आहे. कुठला, ते नकाशाच सांगतो, कारण त्यातल्या तिरक्या रेषा ४५ अंशांत असायला हव्यात हे आपल्याला माहीत आहे.

स्कॅनवर चढत्या दोन-तीन आणि उतरत्या दोन-तीन लांब तिरक्या रेषा निवडा. एक-दोन आडव्या आणि उभ्याही घ्या. मेझर टूलने प्रत्येकीचा कोन मोजून कागदावर लिहा. मग असं वाचा:

चढत्या ४५.८ आणि उतरत्या ४४.२, आडव्याही तेवढ्याच कललेल्या: स्कॅन ०.८ अंशाने फिरलेला आहे. उलटा फिरवा, काम झालं.

चढत्या-उतरत्या दोन्ही ४४.२, आडव्या-उभ्या मात्र सरळ: स्कॅन एका दिशेने ताणलेला किंवा आक्रसलेला आहे. उंची २.८ टक्क्यांनी वाढवा. तोंडी हिशेब हवा असेल तर एका अंशाला साधारण साडेतीन टक्के.

चढत्या कमी, उतरत्या जास्त, पण आडव्या अगदी आडव्या आणि उभ्या कललेल्या: कागद तिरपा सरकलाय. फिरवून हे दुरुस्त होत नाही, स्क्यू करावं लागतं.

डावीकडे ४५, उजवीकडे ४३: फोनने काढलेला फोटो आहे, आणि फोन कागदाला समांतर धरलेला नव्हता. गिम्प या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरच्या पर्स्पेक्टिव्ह टूलने बराचसा सुधारतो. तरी असल्या फोटोवरून काम करू नका असंच मी सांगेन.

अर्धा अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण २०० मि.मी. लांबीवर अर्ध्या अंशाने १.७५ मि.मी. चा फरक पडतो. १९३३ चा खिशातला नकाशा उलगडला तरी वहीच्या पानाएवढाच असतो. त्या मापाला एवढा फरक म्हणजे रेषाच्या रेषा जागेवरून उठते.

ही कसोटी फक्त आकृतीसारख्या नकाशांना लागू आहे. कुणाला मुंबईच्या जुन्या ट्रामचा नकाशा काढायचा असेल (ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, तेव्हा जे काही मिळेल ते त्याआधीचंच असणार) आणि तो खऱ्या रस्त्यांवर आखलेला असेल, तर तिथे ४५ शोधण्यात अर्थ नाही. तिथे ज्यांची जागा बदललेली नाही असे चौक धरून आजच्या नकाशाशी ताडावं लागतं.

६. स्वतः पुन्हा स्कॅन करणार असाल तर

कागद तुमच्या हातात असेल तर काचेवर त्याच्या शेजारी स्टीलची फूटपट्टी ठेवा. एकदा आडवी, एकदा उभी. स्कॅनमध्ये दोन्ही वेळा १०० मि.मी. किती पिक्सेल भरतात ते मोजा. आकडे वेगळे आले तर तुमचा स्कॅनरच एका दिशेने ताणतोय: एका दिशेला सेन्सरची ओळ मोजते, दुसऱ्या दिशेला मोटर सेन्सरला ओढत नेते, आणि दोघांचं माप तंतोतंत जुळलेलं असेलच असं नाही. फूटपट्टी प्लास्टिकची नको.

पट्टी बरोबर आणि नकाशा तरी ताणलेला, तर कागद फुगलाय. दमट हवेत कागद तंतूंच्या दिशेपेक्षा त्यांच्या आडव्या दिशेला जास्त वाढतो. कोकणात किंवा मुंबईत जुलैत केलेला स्कॅन आणि जानेवारीत केलेला स्कॅन एकमेकांवर बसला नाही तर सॉफ्टवेअरला शिव्या देऊ नका.

६०० डीपीआय पुरतो. जेपेग नको, टिफ किंवा पीएनजी ठेवा, नाहीतर रेषेच्या कडांना फेस येतो आणि मध्य सापडत नाही. 'ट्रेस बिटमॅप'च्या (चित्रावरून आपोआप रेषा काढणाऱ्या साधनाच्या) नादी तर लागूच नका. तो शाईची कड काढतो, तुम्हाला रेषेचा मध्य हवा आहे. वर कागदावरचा प्रत्येक डाग तो प्रामाणिकपणे नकाशात आणतो.

७. घड्या

चूक हळूहळू न वाढता एका ठिकाणी एकदम उडी मारत असेल तर तिथे घडी आहे. घडीत कागदाचा थोडा भाग आत जातो, तो स्कॅनमध्ये दिसतच नाही. अशा वेळी पूर्ण चित्र एकदम ताणून उपयोग नाही. स्कॅन (कागद नव्हे) घडीवर कापून प्रत्येक पान वेगळं चित्र करा, प्रत्येकाला पाचव्या क्रमांकाची कसोटी लावा आणि मग पानं एकमेकांना भिडवा. घडी ओलांडणाऱ्या आडव्या रेषांनी वर-खाली जुळवा, तिरक्या रेषांनी फट किती ते ठरवा. वेळखाऊ आहे, पण होतं.

८. इनर सर्कल मिटवणं

सगळ्यात कंटाळवाणं म्हणून शेवटी. एजवेअर रोडपासून किंग्ज क्रॉस, लिव्हरपूल स्ट्रीट, मार्क लेन, वेस्टमिन्स्टर, साउथ केन्सिंग्टन, पॅडिंग्टन असा फेरा घ्या आणि प्रत्येक सरळ तुकड्याचं आडवं आणि उभं अंतर एक्सेलमध्ये लिहा. उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. वर उणे, खाली अधिक. तिरक्या तुकड्याचे दोन्ही आकडे (अधिक-उणे सोडून) सारखे हवेत, नसतील तर तो तुकडा तिथेच पकडला गेला. दोन्ही रकान्यांची बेरीज शून्य यायला हवी. जमीन मोजणीवाले फेरा पूर्ण करून चूक पकडतात ती हीच पद्धत.

शून्य न येता जी बाकी राहते तिच्याकडे नीट बघा. ती रेषेच्या जाडीच्या निम्मी असेल तर कुठेतरी बाउंडिंग बॉक्स आडवा आलाय, पहिल्या तपासणीकडे जा. ती बरोबर ग्रिडच्या एका घराएवढी असेल तर एक नोड चुकीच्या घराला स्नॅप झालाय. विचित्र आकडा असेल, समजा ०.३७, तर एखादा तुकडा स्नॅप न करता नजरेने ठेवलेला आहे. उरलेली ती बाकी सगळ्या तुकड्यांत थोडी थोडी वाटून टाकायचा मोह होतो. तसं केलंत तर सगळे ४५ मोडतात.

स्कॅनशी ताडताना अर्ध्या रेषेच्या जाडीहून कमी फरक उरला असेल तर थांबा. मूळ नकाशा माणसाने शाईने हाताने काढलेला आहे आणि दगडी किंवा धातूच्या प्लेटवरून छापलेला आहे. तेवढा फरक त्याचाच. स्टेशनांच्या नावांचंही तेच: अक्षरं जॉन्स्टनच्या (अंडरग्राउंडच्या ठरलेल्या टाइपफेसच्या) वळणाची असली तरी हाताने लिहिलेली आहेत. पी२२ अंडरग्राउंड किंवा दुसऱ्या कुठल्याही डिजिटल फॉन्टमध्ये प्रत्येक नावाची लांबी स्कॅनशी जुळणार नाही. नावाचं रेषेकडचं टोक जुळवा, दुसरं टोक जाईल तिथे जाऊ द्या.

कुठे थांबायचं, कुणाला गाठायचं

मूळ कागद घडीवर तुटायला लागला असेल, त्यावर जुनी चिकटपट्टी असेल किंवा कुणी तो लॅमिनेट केलेला असेल तर त्याला हात लावू नका. इस्त्री तर मुळीच नको, हा सल्ला देणारे महाभाग आहेत. काचेवर दाबूही नका. हे काम कागदाच्या संवर्धकाचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारून बघा.

नकाशा भिंतीवरच्या पोस्टरच्या मापाचा असेल तर घरच्या स्कॅनरवर चार तुकड्यांत स्कॅन करून जोडण्यात शहाणपणा नाही. आर्किटेक्टांची ड्रॉइंग स्कॅन करणाऱ्या दुकानात मोठा स्कॅनर असतो. मात्र कागद रोलरमधून ओढला जातो की सपाट ठेवतात ते आधी विचारा. जुना कागद रोलरमध्ये घालू देऊ नका.

पाचवी, सहावी आणि सातवी तपासणी करूनही कोन जागोजागी वेगळे येत असतील, कधी ४४, कधी ४६, काही क्रम नाही, तर कागद लाटेसारखा वाकलेला आहे. ते सॉफ्टवेअरने सरळ करायच्या भानगडीत पडू नका, दुसरी प्रत शोधा. लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियमच्या संग्रहात जुने नकाशे ऑनलाइन बघायला मिळतात. त्यांच्यावरून निदान कुठली रेषा कुठे वळते एवढं तरी ताडून बघता येतं.

स्वतःच्या भिंतीसाठी काढताय तोवर ठीक. विकायचा विचार असेल, अगदी प्रदर्शनातल्या टेबलावर चार प्रती, तर छापायच्या आधी ट्रान्सपोर्ट फॉर लंडनकडे परवानगी मागा. नकाशा आणि तो लाल-निळा गोल (अंडरग्राउंडचं बोधचिन्ह), दोन्हींवर ते हक्क सांगतात आणि वापरासाठी परवाने देतात. १९३३ चा आहे म्हणजे मोकळा आहे, असं धरून चालू नका. बेक १९७४ मध्ये वारला, हे कॉपीराइटच्या मुदतीचा हिशेब करताना ध्यानात घ्या. शंका असेल तर कॉपीराइट बघणाऱ्या वकिलाला विचारा, डिझाइनवाल्या मित्राला नको.